टाके तीन, बिल तीन हजार आणि सासूबाईंची ॲसिडिटी

पत्र (थोडं छाटून):

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. एप्रिलमध्ये माझा ७ वर्षांचा मुलगा सोफ्यावरून उडी मारताना टीपॉयच्या कडेवर आपटला आणि त्याची हनुवटी फाटली. नवरा ऑफिसमध्ये, रक्त बघून माझे हातपाय गळाले, मी त्याला उचललं आणि सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, ईआरमध्ये नेलं. साडेचार तास बसलो, मग वीस मिनिटांत तीन टाके. नंतर दोन बिलं आली, एक २,३१० डॉलरचं आणि एक ६५० चं. यंदाचं डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम) अजून संपलेलं नाही म्हणून सगळं आमच्याच डोक्यावर. घरापासून पाच मिनिटांवर अर्जंट केअर आहे, तिथे हेच काम झालं असतं म्हणे. तेव्हापासून नवऱ्याने नियमच केलाय की काहीही झालं तरी आधी अर्जंट केअर. सासूसासरे मे महिन्यात सांगलीहून आलेत. सासूबाई ६८ च्या, डायबेटिस आणि बीपी दोन्ही. गेल्या शनिवारी रात्री त्यांना छातीत जळजळ झाली, एसी चालू असताना घाम फुटला, मळमळत होतं. मी म्हटलं हॉस्पिटलला जाऊ, तर म्हणाल्या नको गं बाई, परत तीन हजाराला पडेल. ओवा आणि काळं मीठ चावून झोपल्या, सकाळी ठीक होत्या. पण मला तेव्हापासून झोप नाही. कुठे कधी जायचं हे ठरवायचं तरी कसं? आणि एप्रिलच्या त्या बिलाचं आता काही होऊ शकतं का?
— घाबरट सून, एडिसन

उत्तर:

अगं घाबरट वगैरे काही नाहीस तू, त्या घरात नीट विचार करणारी तूच एक दिसतेस. तुझं पत्र वाचल्या वाचल्या मी तुला मेल टाकला होता की उत्तराची वाट बघू नकोस, सासूबाईंना आजच्या आज दाखव, आणि तू नेलंस, ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झालीय का ते दाखवणारी) रक्ततपासणी दोन्ही व्यवस्थित आली, पुढची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे असं कळवलंस तेव्हा मला पण हायसं वाटलं. आता निवांत बोलू.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे मी डॉक्टर असल्यासारखं कुणी समजायला नको. मी २१ वर्षं इथल्या हॉस्पिटलांच्या बिलिंगमध्ये काढली. माणसं बरी होऊन घरी गेल्यावर जो कागद जातो ना, तो माझ्या टेबलावरून जायचा. त्यामुळे आजार मला कळत नाहीत पण आजाराचं पुढे काय होतं ते चांगलं कळतं.

तर तुझ्या घरात दोन घटना झाल्या आणि तुम्ही सगळे पहिलीबद्दल हळहळताय. लेकाला ईआरमध्ये नेलंस ती चूक असेल तर ती फक्त पैशांची चूक, पोराची हनुवटी नीट शिवली गेली, विषय संपला. काळजीची गोष्ट शनिवारची आहे. पहिल्या बिलाचा धसका घेऊन दुसऱ्या वेळी घरातच बसायचं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की काय सांगू, आणि त्यात आपले इंडियाहून आलेले आईबाबा सगळ्यात पुढे, कारण त्यांना मुलाच्या खिशाची काळजी स्वतःच्या छातीपेक्षा जास्त. डॉलरला ऐंशी-नव्वदने गुणायची सवय जात नाही ना त्यांची.

आपल्याकडे हा प्रश्न इतका का पडत नाही माहितेय? सांगलीत कोपऱ्यावर दवाखाना असतो, डॉक्टर संध्याकाळी उशिरापर्यंत बसतात, त्यांना तुमच्या सासूबाईंची शुगर तोंडपाठ असते, ते बघतात आणि म्हणतात गोळी देतो, नाहीतर म्हणतात थांबू नका, मोठ्या हॉस्पिटलला न्या. म्हणजे निवाडा डॉक्टर करतात. इथे फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी, त्यामुळे तो निवाडा रात्री नऊ वाजता रक्ताने भिजलेला टॉवेल हातात धरून आपल्यालाच करावा लागतो. अर्जंट केअर म्हणजे ढोबळमानाने तो कोपऱ्यावरचा दवाखाना समज, फक्त समोरचा माणूस दर वेळी नवा असतो आणि बऱ्याचदा डॉक्टर नसून नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंट असतो, आणि ईआर म्हणजे मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी.

ईआर एवढं महाग का, तर तुला जे बिल आलं ते तीन टाक्यांच्या धाग्याचं नाहीच. रात्री तीन वाजता सीटी स्कॅन, लॅब, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ हे सगळं तयार ठेवायचा जो खर्च असतो त्यातला वाटा आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या बिलात येतो, त्याला फॅसिलिटी फी म्हणतात. ती १ ते ५ लेव्हलमध्ये लावतात, बिलावर ९९२८१ ते ९९२८५ असा कोड दिसेल, शेवटचा आकडा जेवढा मोठा तेवढं बिल मोठं. आणि डॉक्टरांचं बिल वेगळं येतं कारण ते बरेचदा वेगळ्याच ग्रुपचे असतात, तुझे ६५० तेच. अर्जंट केअरचं बिल साध्या ऑफिस व्हिजिटसारखं लागतं, आणि इन्शुरन्स नसेल तर रोख रेट काय ते बहुतेक ठिकाणी फोनवरच सांगतात.

आणि ते साडेचार तास. मला कळतं, रडवेलं पोर मांडीवर, समोर टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या, व्हेंडिंग मशीनमधले चिप्स, आणि आपल्यानंतर आलेली माणसं आपल्या आधी आत जातायत. पण गेल्या गेल्या जी नर्स बीपी बघून चार प्रश्न विचारते ना, ती मनात तुम्हाला १ ते ५ मधला नंबर देत असते, १ म्हणजे आत्ता जीव चाललाय आणि ५ म्हणजे चिठ्ठी लिहून दिली तरी चालेल. ही लेव्हल बिलाच्या लेव्हलच्या उलटी चालते हे लक्षात ठेव. तुझा लेक बहुधा ४ असणार. ईआरमध्ये तुम्हाला ताटकळत ठेवलं तर ती खरंतर आनंदाची बातमी, आत पळवत नेलं तर घाबरायचं.

आता कुठे जायचं. घसा, कान दुखणं, डोळे येणं, लघवीला जळजळ, पाय मुरगळणं, अंगावर पुरळ, दोन दिवसांचा ताप पण माणूस खातोय-पितोय-बोलतोय, छोटी जखम जी दाबून धरली की थांबते, हे सगळं अर्जंट केअरचं काम. एक्स-रे असतो, टाके घालतात, स्ट्रेप (घशाचा जंतुसंसर्ग) आणि फ्लूची टेस्ट होते, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं. हनुवटी तिथे शिवली असती हे खरं आहे. पण हीच जखम पापणीवर असती किंवा ओठाची कड फाटली असती तर मी तुला हॉस्पिटललाच जा म्हटलं असतं, तिथे नीट नाही शिवलं तर आयुष्यभर दिसतं. आणि फोन करून जा, कारण काही ठिकाणी लहान मुलांना टाके घालत नाहीत, काहींकडे एक्स-रेचा माणूस संध्याकाळी सहाला जातो, आणि आठला बंद होणाऱ्या ठिकाणी पावणेआठला पोचलीस तर दारातूनच परत पाठवतात.

आणि ईआरला, खरंतर ९११ या इमर्जन्सीच्या नंबरलाच, कधी, तर छातीत दाब-जळजळ-जडपणा काहीही, श्वास लागणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, हातातली वस्तू पडणं, बोलणं अडखळणं, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक डोकेदुखी, आकडी, जीभ किंवा ओठ सुजणं, दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबूनही न थांबणारं रक्त. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही, लगेच न्यायचं. मुलाने बटणाएवढी बॅटरी गिळली असेल तरी तसंच. आणि डोक्याला मार लागून उलटी होत असेल तर, किंवा माणूस रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर नुसता मार लागला तरी, मग तो हसत बसलेला का असेना. तुझे सासरे काय घेतात ते तू लिहिलं नाहीस, बघून ठेव.

सासूबाईंचं मुद्दाम वेगळं सांगते. हार्ट अटॅकमध्ये सिनेमात दाखवतात तसं छाती धरून कोसळणं बायकांच्या बाबतीत बरेचदा होतच नाही, आणि डायबेटिस असेल तर आणखीनच कमी. जबडा दुखतो, पाठीत भरून येतं, मळमळतं, विनाकारण थकवा, आणि घाम. एसीत बसून पदराने मान पुसणारी ६८ वर्षांची बाई ओवा मागत असेल तर ओवा देऊ नये, फोन उचलावा. ॲसिडिटी निघाली तर निघाली, चांगलंच आहे. तुझ्या नवऱ्याचा 'आधी अर्जंट केअर' नियम इथे अंगाशी येतो, कारण तिथे फार तर ईसीजी काढतील आणि तेच ९११ ला फोन करतील, म्हणजे अर्धा तास गेला आणि बिलं दोन्हीकडची. हे मी स्वतः केलंय. नवऱ्याच्या पोटात उजवीकडे खाली दुखत होतं, मी हुशारी करून त्याला अर्जंट केअरला नेलं, तिथल्या मुलीने पोटाला एकदा हात लावला आणि म्हणाली ईआर, सीटी लागेल. अपेंडिक्स होतं. कोपे, म्हणजे दर भेटीला आपण भरायची ठरलेली रक्कम, तिथला पण भरला, तिथला पण, आणि बिलिंगमध्ये काम करणारी मी, घरी तोंड लपवायला जागा नाही.

गाडीत घालून नेऊ का ॲम्ब्युलन्स, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ला फोन केला की गाडी फुकट येते त्यामुळे सासूबाईंना हा प्रश्नच कळणार नाही, पण इथे ॲम्ब्युलन्सचं बिल येतं हे मी लपवणार नाही. तरी छाती, श्वास आणि तोंड वाकडं या तीन गोष्टींत गाडी काढायची नाही. ॲम्ब्युलन्सवाले घरातच ईसीजी काढतात, हॉस्पिटलला आधी कळवतात, त्यामुळे पोचल्यावर फॉर्म भरत बसावं लागत नाही. लकव्यात गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवायची, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

पैशाच्या भीतीबद्दल दोन कायदे माहीत असू दे. १९८६ चा कायदा असा की ईआरमध्ये आलेल्या माणसाला आधी तपासायचं आणि तब्येत स्थिर करायची, इन्शुरन्स आहे का, व्हिसा कुठला, हे विचारत त्याला ताटकळवायचं नाही. फुकट असं त्यात कुठे म्हटलेलं नाही, बिल मागाहून येतंच, पण दारातून कुणी हाकलणार नाही. अर्जंट केअरवर असं बंधन सहसा नसतं. दुसरा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, की इमर्जन्सीत तुम्ही नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे तुमच्या इन्शुरन्सशी करार नसलेल्या, हॉस्पिटलला गेलात तरी तुमचा वाटा इन-नेटवर्कच्या हिशोबानेच लागला पाहिजे. रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला तो लागू नाही आणि साध्या अर्जंट केअरलाही बहुतेक वेळा नाही, त्यामुळे अर्जंट केअरच्या काउंटरवर 'आमचा इन्शुरन्स घेता का' असं विचारू नकोस, ते हो म्हणतात, घेतात म्हणजे क्लेम पाठवतात एवढंच. 'इन-नेटवर्क आहात का' असं विचार, याच एका शब्दावर मी लोकांना शेकड्यांनी डॉलर घालवताना पाहिलंय. आणि तुमच्या नोकरीच्या इन्शुरन्सने 'शेवटी ॲसिडिटीच निघाली, मग इमर्जन्सी कसली' म्हणून क्लेम नाकारला तर अपील करायचं, नियमाने त्यांना घरून निघतानाची लक्षणं बघावी लागतात, शेवटचं निदान नाही.

(टेक्सासवाल्यांसाठी कंसात एक. तिकडे मॉलच्या रांगेत सॅंडविचच्या दुकानाशेजारी चकचकीत, हॉस्पिटलपासून वेगळी उभी असलेली ईआर असतात, दिसायला हुबेहूब अर्जंट केअर. माझी मावसबहीण मुलाच्या कानात पाणी गेलं म्हणून अशाच ठिकाणी गेली, रांग नाही म्हणून खूश, कॉफी पण मिळाली, आणि बिल आलं पूर्ण इमर्जन्सीचं. पाटीवर 'इमर्जन्सी' किंवा 'ईआर' लिहिलंय का ते वाचून मगच आत जा.)

सासूसासऱ्यांची पॉलिसी मात्र वेगळी गोष्ट, व्हिजिटर इन्शुरन्सला वरचे सगळे नियम तसेच लागतील असं धरून चालू नकोस. आज रात्री ती पीडीएफ उघड. फिक्स्ड बेनिफिट असेल तर ईआरचे ठरलेले थोडेच डॉलर मिळतात आणि उरलेलं तुमचं. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तरी कित्येक पॉलिसींत अशी ओळ असते की ईआरला जाऊन ॲडमिट नाही झालात तर जास्तीचं डिडक्टिबल. आणि बीपी-डायबेटिस हे आधीपासूनचे आजार, त्यासाठी 'अक्यूट ऑनसेट' (जुना आजार अचानक उसळणं) नावाचं कलम असतं, त्यात बरेचदा चोवीस तासांच्या आत उपचार घेतले तरच पैसे अशी अट असते. म्हणजे शनिवारी रात्री त्रास झाला आणि मंगळवारी नेलं, तर वाट बघून पैसे वाचवायला गेलो आणि क्लेमच गेला असं होऊ शकतं. हे सासूबाईंना याच भाषेत सांग, बाकी काही नाही पण हे त्यांना पटेल.

एक कागद करून फ्रीजवर लाव. दोघांच्या गोळ्या, पण ब्रँडची नावं नकोत, इथे टेल्मा किंवा ग्लायकोमेट म्हटलं तर कुणाला काही कळत नाही, आतलं औषध लिही, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, आणि किती एमजी. आपलं पॅरासिटामॉल म्हणजेच इथलं असिटामिनोफेन, टायलेनॉल तेच, डोलो घेऊन वर टायलेनॉल घेणारे काका मला दर उन्हाळ्यात भेटतात, लिव्हरची वाट लागते. त्याच कागदावर तुमच्या इन्शुरन्स कार्डाच्या मागचा चोवीस तासांच्या नर्सलाइनचा नंबर, आणि विषबाधेचा १-८००-२२२-१२२२, तो फुकट आहे. मधलीच काही शंका असली, कळतच नाहीये कुठे जावं, तर नर्सलाइनला फोन, तिला लक्षणं सांग, ती सांगेल. आणि हॉस्पिटलमध्ये मराठी दुभाषा माग, फोनवर मिळतो, पैसे लागत नाहीत. तू दुभाषी होऊ नकोस गं. सुनेसमोर सासूबाई लघवीचा त्रास सांगणार नाहीत आणि मुलासमोर तर नाहीच नाही.

आता तुझं बिल. भरलं नसशील अशी आशा आहे. आधी इन्शुरन्सकडून आलेला हिशोबाचा कागद, ईओबी, तो बिलाशी लावून बघ, त्यावर 'तुमची जबाबदारी' म्हणून जो आकडा आहे त्याच्यावर एक पैसा द्यायचा नाही. ६५० वाला डॉक्टर आऊट-ऑफ-नेटवर्क लावलाय का बघ, लावला असेल तर वर सांगितलेला २०२२ चा कायदा सांगून इन्शुरन्सला फोन कर. मग हॉस्पिटलकडून आयटमाइज्ड बिल माग, ओळीनओळ. लेव्हल ३ असेल तर भांडायला फार जागा नाही हे प्रामाणिकपणे सांगते, पण तीन टाक्यांना ४ किंवा ५ दिसली तर कोडिंग रिव्ह्यू, म्हणजे लावलेल्या लेव्हलची फेरतपासणी, मागायचा, हा शब्द असाच वापर, आमच्या टेबलावर तो शब्द आला की आम्ही सरळ बसायचो. हॉस्पिटल नॉनप्रॉफिट असेल तर त्यांना आर्थिक मदतीची योजना ठेवावीच लागते आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, आयटीत दोन पगार असतील तर बसणार नाही कदाचित, पण फॉर्म भरायला काय जातं. काहीच नाही झालं तर शेवटी विचार, एकरकमी भरलं तर किती सोडाल, नाहीतर बिनव्याजी हप्ते करून द्या. क्रेडिट कार्डवर मात्र टाकू नकोस, हॉस्पिटल बहुधा व्याज लावत नाही, कार्डवाला लावतो.

लेकाच्या हनुवटीवर उन्हात जाताना वर्षभर सनस्क्रीन लाव, खूण काळी पडत नाही. आणि टीपॉयच्या कडांना चिकटवायच्या फोमच्या पट्ट्या मिळतात, त्या मागव आजच.